गिलावा

बस साडेसातला निघणार, असं तिकिटावर छापलं होतं. साडेसात म्हणजे आठ हे मला ठाऊक होतं, पण अण्णांना पटत नव्हतं. अडतीस वर्षं ते साइटवर वेळेत गेलेले. त्यामुळे आम्ही पावणेसातलाच संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनजवळ एका बंद शटरच्या पायरीवर जाऊन बसलो. डिसेंबरचा शनिवार होता. अण्णांनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि पायात मी घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज होते. ते त्यांना आवडत नाहीत, पण टूरला जायचं म्हणून घातले होते.

टूरमध्ये सहा ठिकाणं होती. देवगिरीचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा आणि पाणचक्की. संध्याकाळी सहाला परत. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि असलं गणित मला फार आवडतं. कमीत कमी वेळात जास्तीत जास्त गोष्टी उरकायच्या, याचेच मला पैसे मिळतात. शनिवार निवडला कारण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि इतर दिवशी मला सुट्टी नसते.

आमचं गाव अंबड तालुक्यात आहे. इथून साठ-सत्तर किलोमीटर. अण्णा औरंगाबादला (त्यांच्या तोंडी अजून तेच नाव येतं) पहिल्यांदा आले ते 1985च्या सुमाराला, बिगारी म्हणून. मग गवंडी झाले. सिडकोच्या कितीतरी गल्ल्यांमध्ये त्यांच्या हातचं काम आहे. कुठं जोतं, कुठं वीटकाम, बहुतेक ठिकाणी गिलावा. इतकी वर्षं या शहरात राबूनही त्यांनी वेरूळ पाहिलं नव्हतं. सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली.

दोन वर्षांपूर्वी ते परांचीवरून पडले. परांची म्हणजे बांबू आणि फळ्या बांधून केलेला उभं राहायचा माळा. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मी सांगून टाकलं की आता काम बंद. मी कमावतो, बहिणीचं लग्न झालंय, कशाला पाहिजे? ते काही बोलले नाहीत. काम बंद केलं.

या दिवाळीत ते पुण्याला माझ्या फ्लॅटवर आले होते. फ्लॅट नवीन आहे, वीस वर्षांचा हप्ता आहे. पहिल्याच संध्याकाळी अण्णा हॉलच्या भिंतीला कान लावून बोटाच्या पेराने टकटक करायला लागले. एक फूट सरकायचं, टकटक. परत एक फूट, टकटक. शेवटी म्हणाले, "इथून तिथवर पोकळ वाजायलंय. गिलाव्यानं भिंत धरली नाई. पाणी मारलं नसंल."

मी लॅपटॉपवर कॉलवर होतो. माइक म्यूट करून म्हणालो, "अण्णा, आता पुरे ना. तुम्ही रिटायर झालात."

आवाज चढला होता. त्यानंतर ते चार दिवस राहिले, पण भिंतीला हात लावला नाही. गावी गेल्यावर आईने फोन केला. म्हणाली, "त्यांना कुठंतरी फिरवून आण. घरात नुसतं बसून असतेत." म्हणून ही टूर. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं आणि ते मला एका दिवसात निपटायचं होतं.

*

बसमध्ये आमच्या शेजारच्या सीटवर नाशिकचं एक कुटुंब होतं. काकू गप्पिष्ट होत्या. पडेगाव मागे पडायच्या आत त्यांना माझी कंपनी, पगाराचा अंदाज आणि लग्न झालं नसल्याचं कळलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि वडील काय करतात?"

"कन्स्ट्रक्शनमध्ये होते," मी म्हणालो.

"बिल्डर?"

"हो, म्हणजे... तसंच."

अण्णा खिडकीकडे बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ते बाहेर पेरूवाल्यांच्या टोपल्या बघत होते.

हे उत्तर मी पहिल्यांदा देत नव्हतो. इंजिनीअरिंगला ॲडमिशन घेताना इंग्रजी फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'कॉन्ट्रॅक्टर' लिहिलं होतं. अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही. सही करताना त्यांनी विचारलं, "काय लिव्हलं?" मी म्हणालो, "तेच, बांधकाम." नंतर होस्टेलवर, मग नोकरीत, तेच चालू राहिलं. आता लग्नासाठी जो बायोडेटा मामांनी सगळीकडे फिरवलाय, त्यातही 'वडील: बांधकाम व्यवसाय' असंच आहे. खोटं म्हणावं असं त्यात काही नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

देवगिरीला आम्हाला एक तास मिळाला. गाइडने भराभर सांगितलं. यादवांची राजधानी, 1296ला अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, 1327ला मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि दौलताबाद नाव दिलं. सगळे चांदमिनारासमोर फोटो काढत होते. अण्णा डोंगराकडे बघत उभे होते.

"हा कडा असा नव्हता," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"डोंगर कुठं असा सरळ ऱ्हातो का? वरून पाह्य, उतार हाये. खाली एकदम ओळंब्यात. तासलाय त्यो."

मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, हो, शत्रूला चढता येऊ नये म्हणून डोंगराची खालची बाजू चहूकडून तासून उभी केली आहे. अण्णांनी मान हलवली. त्यांना खात्री करून घ्यायची नव्हती, त्यांना आधीच दिसलं होतं. किल्ल्याची ती प्रसिद्ध अंधारी वाट आमच्या तासात बसली नाही. खंदकावरच्या पुलापर्यंत जाऊन परत फिरलो. मी मनातल्या मनात यादीतलं एक ठिकाण खोडलं. भद्रा मारुतीला वीस मिनिटं लागली. तिथला मारुती झोपलेला आहे. अण्णा हात जोडून म्हणाले, "याला बरं सुट्टी मिळाली."

*

वेरूळला दीड तास होता. एकूण चौतीस लेणी. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. एवढ्या वेळात सगळं बघणं अशक्य, म्हणून मी आदल्या रात्रीच प्लॅन केला होता. 16 नंबरचं कैलास चाळीस मिनिटं, 10 नंबर पंधरा मिनिटं, मग गाडीने जैन लेण्यांकडे.

कैलासाच्या अंगणात गाइड कोकसाची गोष्ट सांगत होता. राजा आजारी पडला, राणीने नवस केला की तो बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. एवढं देऊळ बांधायला कित्येक वर्षं लागणार, तोवर राणी उपाशी कशी राहील? मग कोकस नावाच्या कारागिराने डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू केलं. आधी कळस कोरला, राणी जेवली. बाकीचं देऊळ नंतर खाली खाली कोरत नेलं. ही दंतकथा आहे. पण देऊळ वरून खाली कोरलंय हे खरं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं काम. मागच्या बाजूला खडक जवळजवळ तीस मीटर खोल कापलाय, आणि या सगळ्यात एकही दगड दुसऱ्या दगडावर रचलेला नाही.

आमचा ग्रुप हत्तीच्या पुतळ्याजवळ गेला. अण्णा जागचे हलले नाहीत. ते देवळाकडे बघतच नव्हते. ते अंगणाच्या कडेच्या उभ्या खडकाकडे बघत होते, जिथे काहीच कोरलेलं नाही, नुसते टाकीचे घाव आहेत. तिरप्या ओळी, एकाखाली एक.

"हे पाह्य," ते म्हणाले. "ह्या हाताचा मानूस येगळा, आन् ह्यो येगळा. ह्याची टाकी बारीक चालती."

मला सगळ्या ओळी सारख्याच दिसल्या. मी घड्याळ बघितलं.

"अण्णा, दहा नंबरला जायचंय."

"जाऊ." ते शिखराकडे बघायला लागले. शिखरावर काही ठिकाणी पांढरे डाग आहेत. "चुन्याचा गिलावा हाये त्यो. समद्या देवळाला असंल."

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ते बरोबर होते. कैलासावर एके काळी पांढरा गिलावा आणि त्यावर रंग होता. गावातले लोक त्याला रंगमहाल म्हणायचे.

चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. मी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्यांनी विचारलं, "चुकलं तर काय करत असतीन?"

"काय?"

"विटेचं चुकलं तर पाडून परत बांधता येतं. गिलाव्याचं चुकलं तर वला हाये तवर खरडून टाकायचा. मी लई खरडलाय. इथं नाक उडालं तर? परत कुठून आनतीन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दिवसातून पन्नास वेळा कंट्रोल-झेड दाबतो. चूक झाली तर कालची आवृत्ती परत आणतो. त्याच्याशिवाय मी एक दिवस काम करू शकेन का, हा प्रश्न मला नऊ वाजता आला असता तर मी तो उडवून लावला असता. आता मी खडकाकडे बघितलं. जरा वेळाने मलाही दोन हातांमधला फरक दिसल्यासारखा वाटला. खरंच दिसला की अण्णांनी सांगितलं म्हणून, ते ठाऊक नाही.

बडोद्याला सापडलेला इसवी सन 812चा एक ताम्रपट आहे. त्यात एलापूरच्या डोंगरावरच्या एका अद्भुत देवळाचं वर्णन येतं, आणि अभ्यासक ते या कैलासाचंच मानतात. त्यात म्हटलंय की काम पुरं झाल्यावर ते करणारा कारागीर स्वतःच थक्क झाला, की हे माझ्या हातून झालं तरी कसं. राजाचं नाव ताम्रपटात आहे. कारागिराचं नाही.

आम्ही बसकडे वीस मिनिटं उशिरा पोचलो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. एक गृहस्थ मागून म्हणाले, "सगळ्यांना एकाच माणसासाठी थांबवायचं का?" मी सॉरी सॉरी म्हणत चढलो. 10 नंबर राहिलं, जैन लेणी राहिली. मला राग आला होता, आणि तो अण्णांवर आला होता. ते शांतपणे सीटवर बसले आणि तळहात बघत राहिले.

*

घृष्णेश्वर लेण्यांपासून अगदी जवळ आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. आताचं देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. इथे गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. आम्ही दोघं शर्ट काढून रांगेत उभे राहिलो. अण्णा पुढे, मी मागे.

ऑपरेशननंतर मी त्यांना असं उघडं पाहिलं नव्हतं. उजव्या खांद्यावर टाक्यांची लांब खूण होती, आणि तो खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. मानेच्या खालून पाठीपर्यंत कातडी काळी आणि जाड झाली होती. माझं अंग एसीत बसणाऱ्या माणसाचं आहे, पोट थोडं सुटलेलं. रांगेत सगळेच उघडे होते, पण सदरा काढल्यावर बिल्डर आणि गवंडी यातला फरक लपत नाही. नाशिकच्या काकूंचे मिस्टर आमच्या मागेच होते.

गाभाऱ्यात अण्णांनी पिंडीला हात लावून नमस्कार केला. बाहेर आल्यावर मी त्यांना शर्ट घालायला मदत केली. उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही. माझा मघाचा राग कुठे गेला ते कळलं नाही.

*

मकबऱ्याला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. जेवण झालेलं, सगळे पेंगुळलेले. गाइडने शेवटचा जोर लावला. हा औरंगजेबाची बायको दिलरास बानू बेगम हिचा मकबरा. सतराव्या शतकातला. याला दख्खनचा ताज म्हणतात, गरिबांचा ताजही म्हणतात. कारण नीट बघा, ताजमहाल सगळा संगमरवराचा, आणि इथे खालचा पाच-साडेपाच फुटांचा पट्टा आणि वरचा घुमट तेवढा संगमरवरी. मधलं सगळं साधा दगड आणि वरून चुन्याचा गिलावा. "पैसे कमी पडले, म्हणून गिलावा मारून टाकला!" तो म्हणाला. लोक हसले.

अण्णा हसले नाहीत. ते भिंतीजवळ गेले. मला कळलं ते काय करणार आहेत, आणि मी दिवाळीसारखं त्यांना थांबवलं नाही. त्यांनी कान लावला आणि बोटाच्या पेराने हलकेच टकटक केली. एक फूट सरकले, परत टकटक. मग मला बोलावलं.

"ऐक."

मी कान लावला. आवाज भरीव होता, दगडावर वाजवल्यासारखा.

"आता इथं ऐक. ह्यो तुकडा नवा हाये, मागून लावलेला. रंग पाह्य." तिथेही आवाज भरीवच होता. "बरं लावलंय," ते म्हणाले.

काकू आणि त्यांचे मिस्टर जवळ आले. अण्णा सांगायला लागले, आणि मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. चुना कसा आधी पाण्यात भिजवून महिनोन् महिने मुरवतात. बैलाच्या घाणीत कसा दळतात. त्यांच्या वस्तादाने चुन्याचं काम पाहिलेलं, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. चुना सावकाश धरतो, पण धरला की सोडत नाही. सिमेंट लवकर धरतं म्हणून सगळ्यांना घाई झाली. घाईत भिंत ओली करत नाहीत, नंतर पाणी मारत नाहीत, मग पोकळ वाजतं.

"त्यो म्हनतो गिलावा मारून टाकला," अण्णा म्हणाले. "दगड पैशानं येतो. गिलावा हातानं येतो."

काकू म्हणाल्या, "तुम्हाला किती बारीक माहिती आहे हो! बिल्डर लोकांना एवढं नसतं माहीत."

"मी गवंडी हाये ना," अण्णा म्हणाले. अगदी सहज, वेळ सांगावी तसं. माझ्याकडे न बघता.

काकूंनी मात्र माझ्याकडे बघितलं. एक क्षणच. मी मोबाइल काढला आणि घुमटाचा फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे, हललेला.

निघताना मुख्य दरवाज्यापाशी गाइडने सांगितलं की या दारावर दोन नावं कोरलेली आहेत. वास्तुरचनाकार अताउल्ला आणि इंजिनीअर हंसपत राय. आणि खर्चाचीही नोंद आहे, सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे.

"इंजिनेराचं नाव हाये," अण्णा मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "आन् सात आने बी लिव्हले का?"

"हो."

"गिलाव्यावाल्याचं?"

"नाही."

"नसतंच," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. माझ्या कंपनीतही नसतं, असं काहीतरी मी म्हणणार होतो. ॲप वापरणाऱ्याला आमची नावं कुठे माहीत असतात? पण बोललो नाही. माझं नाव नसलं तरी माझा हुद्दा कुणी लपवत नाही.

पाणचक्कीला सगळे दमून हौदाच्या काठावर बसले. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलं, ते उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून खाली पाडून त्या जोरावर जातं फिरवलं. अठराव्या शतकातली व्यवस्था. अण्णांनी शूज काढले आणि पाय मोकळे सोडले. आम्ही दोघं बराच वेळ पडणारं पाणी बघत होतो. मला सांगायचं होतं की मी सकाळी बसमध्ये काय बोललो, आणि दहा वर्षांपूर्वी फॉर्मवर काय लिहिलं. मी म्हणालो, "चहा घेता का?"

*

टूर सहाला संपली. जालन्याकडची एसटी पकडायला आम्ही रिक्षाने सिडको बसस्थानकावर गेलो. वाटेत अण्णांनी रिक्षावाल्याला एकदम थांबायला सांगितलं. रस्त्याच्या कडेला चार मजली जुनी अपार्टमेंट होती. खाली मेडिकल, वर वाळत घातलेले कपडे.

"ही आमची. पंच्याण्णव साल. ही पूर्ण बाजू माझी."

मी उतरलो. अण्णाही उतरले. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखालून एक तिरपी भेग खाली आली होती. त्यांनी ती माझ्या आधी पाहिली.

"तिथं पाणी कमी पडलं," ते म्हणाले. "उन्हाळा व्हता, टँकर नव्हता. ठेकेदाराला घाई. मला ठावं व्हतं, तरी केलं." मग थोडं थांबून, "तेवढी सोडली तर चांगली हाये."

त्यांनी जाऊन मेडिकलच्या शेजारच्या भिंतीला टकटक केली. मीही केली. रिक्षावाला आमच्याकडे बघत होता.

रात्री एसटीत, बदनापूरच्या पुढे, मी मोबाइलवर बायोडेटाची फाइल उघडली. 'बांधकाम व्यवसाय' खोडलं आणि 'गवंडी (निवृत्त)' असं टाइप केलं. स्क्रीन अण्णांसमोर धरली. ते मराठी सावकाश वाचतात. वाचून झाल्यावर त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मला वाटलं ते म्हणतील, काहून उगं, आधीचं बरं होतं.

"त्यो कंसातला शब्द काढ," ते म्हणाले.

मी काढला.

आईला हे पटलेलं नाही. एका ठिकाणी बोलणी बरीच पुढे गेली होती, आणि नवा बायोडेटा पाठवल्यापासून तिकडून फोन आलेला नाही. कारण हेच असेल असं नाही. पुढच्या महिन्यात अण्णा पुण्याला येणार आहेत. हॉलची भिंत खरडून परत करायची आहे. त्यांचा हात वर जात नाही, म्हणून वरचा भाग मी करायचा, असं ठरलंय. ते खाली उभे राहून सांगणार.